चिठ्ठी नसलेला आजार

मुलीचं स्थळ पक्कं करण्याआधी लोक पत्रिका बघतात, घर बघतात, मुलाची नोकरी बघतात आणि जाता जाता औषधाच्या दुकानात डोकावतात. हे मला फार्मसीच्या कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या या दुकानाच्या काउंटरमागे उभी राहिले, तेव्हा पहिल्या वर्षातच कळलं. अनोळखी बाई येते, घशाच्या गोळ्या घेते, पर्सची चेन लावता लावता आवाज खाली आणून विचारते, "त्या कोपऱ्यावरच्या घरात फिटचं औषध जातं का हो?" कुणाकडे झोपेच्या गोळ्या जातात, कुणाकडे डोक्याच्या, हेही विचारून झालेलं आहे. गेली काही वर्षं मात्र प्रश्न बहुतेक एकच असतो. शुगर कुणाला आहे?

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाल्या, तेव्हा संपादकबाईंनी विषयही दिला होता. आपल्या गल्लीतलं औषधाचं दुकान मधुमेह रोखायला कसं उपयोगी पडू शकतं, यावर लिहा. शक्यतो वाचणाऱ्याची उमेद वाढेल असं. विषय माझ्या मनातलाच आहे. उमेदीचं मात्र मला जमेल असं वाटत नाही. जे पाहिलं ते लिहिते. नावं बदलली आहेत, नाती आणि पत्ते इकडचे तिकडे केले आहेत. वाचताना कुणाला हे आपलंच घर वाटलं, तर ते तुमचं नाही. अशी घरं या गावात पुष्कळ आहेत.

मी मूळची जतची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. वडील एस.टी. स्टँडवरच्या कँटीनमध्ये भजी तळायचे. हायस्कूलच्या सरांनी त्यांना स्टँडवर गाठून सांगितलं, पोरीला शास्त्र शाखेत घाला, फार्मसी करू द्या, हातात पदवी येईल आणि पायाखाली दुकानाची फरशी येईल. वडिलांना फार्मसी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण सरांवर विश्वास होता. त्या विश्वासावर मी शिकले. लग्नानंतर बेंगळुरूला आले. दुकान माझं नाही, मालक शेट्टी अण्णा. पण कायद्यानं दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर लागतो, तो मी. माझं सर्टिफिकेट चौकटीत घालून भिंतीवर लावलंय. वडील एकदाच दुकानात आले होते. त्या चौकटीसमोर उभे राहिले ते गिऱ्हाइकांना वाट द्यायचीही विसरले. मला जे मिळालं ते या धंद्यानं दिलं, म्हणून त्याच्याविषयी वाकडं लिहिताना हात जड होतो.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची आणि डबा काढून द्यायचा. पण शुगरची चिठ्ठी घेऊन माणूस येतो तेव्हा रोखण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. खरं बघण्यासारखं माणूस त्याच्या कितीतरी आधी येतं, चिठ्ठीशिवाय. खाजेचं तेच मलम पुन्हा न्यायला येतं. पुरुष माझ्याकडे ते नाव घेऊन मागत नाहीत, कपाटाकडे बोट दाखवतात आणि रस्त्याकडे बघत उभे राहतात. एखादी बाई सांगते, भाजी चिरताना बोट कापलं त्याला पंधरवडा झाला, भरतच नाही, चांगली पट्टी द्या. कुणी म्हणतं, फार तहान लागते, ताकदीची पावडर द्या. डॉक्टरांकडे माणूस आजारी पडल्यावर जातं. आमच्याकडे ते आजारी पडायच्या वाटेवर असताना मलम घ्यायला थांबतं. म्हणून मला वाटायचं, की हा आजार अडवायची जागा कुठे असेल तर ती आमचा काउंटर.

पुण्याहून आलेला एक मुलगा होता, आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहायचा. ऑफिसची कॅब त्याला आमच्या दुकानासमोर सोडायची. मान काळी पडली होती, मखमलीसारखी जाड. ती उजळायचं क्रीम न्यायचा, मग घासायचा स्क्रब न्यायचा. मी म्हटलं, "अरे, हे बाहेरून घासून जाणारं नाही. शरीरात इन्सुलिनचं काम बिघडायला लागलं की मान अशी होते. एकदा शुगर बघून घे."

"ताई, टॅन आहे हो. बाइकवर जायचो ना आधी."

"बाइकवर ऊन पुढून लागतं. मान मागून काळी आहे."

हसला. "मी सत्तावीसचा आहे, ताई. तुम्ही मला डायरेक्ट सीनियर सिटिझन करून टाकलंत." नंतर तो ॲपवरून क्रीम मागवायला लागला. पार्सल देणारा त्याच्या दाराशी जातो, मान बघत नाही. आता निम्मी गिऱ्हाइकं तशीच आहेत. औषध पोचतं, माणूस कुणाला दिसत नाही.

तरी मी शेट्टी अण्णांकडे हट्ट धरला. दुकानातल्या बाकाशेजारी कोपरा करून द्या म्हटलं. वजनकाटा, कंबर मोजायची टेप, आणि बोटातून थेंब घेऊन साखर बघायचं यंत्र, एवढंच लागणार होतं.

अण्णा म्हणाले, "मेडम, सगळे बरे राहिले तर आपण काय विकायचं? इडली?"

"इडलीनंही शुगर वाढते, अण्णा."

"सरी, ठीक आहे, मग तीही नको." आणि दुसऱ्या दिवशी स्वतः वजनकाटा उचलून आणला. माणूस चांगला आहे. पुढे जे झालं नाही, त्यात त्यांचा काही दोष नाही.

कोपऱ्यात मी निदान करत नसे, तो माझा अधिकार नाही. आकडा जास्त दिसला तर लॅबमध्ये पाठवायचे, तिथून डॉक्टरांकडे. सुरुवातीला रांग लागली. पण रांगेत कोण? ज्यांना शुगर आहे हे आधीच ठाऊक होतं ते, फुकट आकडा बघायला. आणि ज्यांना आपल्याला काहीच नाही याची खात्री होती ते, ती खात्री इतरांना दाखवायला. मधली माणसं, ज्यांच्यासाठी कोपरा मांडला होता, ती काउंटरवरून मलम घेऊन निघून जायची. देवळापाशी फुलं विकणारी एक बाई तेवढी ऐकणारी निघाली. तिनं साखरेचा चहा सोडला, दुपारचा भात सोडून नाचणीची मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, खायला लागली, टोपली घेऊन दोन स्टॉप चालायला लागली, आणि तिचा आकडा खरंच खाली आला. मी कित्येक महिने सगळ्यांना तिची गोष्ट सांगत होते. दुसरी गोष्ट सांगायला मिळाली नाही.

याचं कारण मला एकनाथमामांनी शिकवलं.

मामा म्हणजे आमच्या शेजारचे शिंपी. त्यांचं घराणं कधीकाळी इकडे आलेलं, किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड, हिशेब कन्नडमध्ये, शिव्या दोन्हीत. त्यांची मराठी ऐकली की मला जतच्या बाजाराची आठवण यायची, म्हणून मी त्यांना मामा म्हणायला लागले आणि ते मला अगं-तुगं करायला लागले. शाळांचे गणवेश शिवायचे. मशीन म्हणजे लक्ष्मी, म्हणून दुकानात चप्पल घालून कुणी जायचं नाही, ते स्वतःही नाही. बायको सुभद्रामामी काजं-बटणं करायच्या. मामींना शुगर होती, त्यांची चिठ्ठी माझ्याकडेच असायची. एकुलती एक लेक रोहिणी, बी.कॉम. करत होती.

कोपऱ्यातली टेप मामांनीच दिली होती. मी कंबर मोजायला लागले की दारातून बघायचे. "असं तोंडावर सांगू नये गं, कंबर वाढली म्हणून. गिऱ्हाईक रागावतं. आम्ही काय करतो? आत कापड दाबून ठेवतो. पुढच्या वर्षी आलं की सोडतो. त्यालाही कळत नाही, त्याच्या बायकोलाही नाही."

त्यांची स्वतःची पँट त्यांनी किती वेळा सोडली होती ते त्यांनाच ठाऊक. पूर्वी मशीन पायानं चालवायचे. मग मोटर बसवली. तेव्हापासून पोट सुटलं. मी त्यांना एकदा कोपऱ्यात बसवलं आणि आकडा बघून लॅबमध्ये उपाशीपोटी जायला सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात जातो.

गेले ते आठवडाभर तयारी करून. भात बंद, गोड बंद, रात्री नुसती काकडी आणि ताक. रिपोर्ट चांगला आला. तो घेऊन मामा दुकानात आले, दुसऱ्या हातात मैसूरपाकाचा पुडा. "पास झालो. घे, तोंड गोड कर. अण्णा, तुम्हीही घ्या."

"मामा, तपासणीच्या आधी अभ्यास करायचा नसतो."

"अभ्यास न करता कोण पास होतं गं? तू झालीस?"

शेट्टी अण्णा मैसूरपाक खात खात हसले. मीही हसले. मग समजावलं, की तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी दुसरी तपासणी असते, तिला आठवडाभराची काकडी फसवू शकत नाही. ती करायला पुढे बरेच महिने मागे लागावं लागलं. तिच्यात खरं काय ते निघालं. मधुमेह अजून नव्हता, पण उंबऱ्यावर येऊन उभा होता. डॉक्टर भले होते. त्यांनी गोळी लिहिली नाही. रोज चाला, भात कमी करा, वजन उतरवा, सहा महिन्यांनी या, म्हणाले. मला फार आनंद झाला. माणूस वेळेवर सापडला होता. असा माणूस परत मागे फिरू शकतो, हे मी शिकलेलं होतं.

मामा डॉक्टरांकडून आले ते शीळ घालत. "बघ, गोळी दिलीच नाही."

"दिली नाही कारण अजून वेळ आहे. आता चालायचं."

"तू औषधाच्या दुकानात काम करतीस आणि तुला समजत नाही? गोळी नाही तर रोग कुठला? स्वल्प बॉर्डरवर आहे, एवढंच. बॉर्डर म्हणजे अजून आपल्याच बाजूला की."

हेच ते कारण. रोखणं नावाची गोष्ट आमच्या कपाटात नाही. तिला डबा नाही, पट्टी नाही, जेवणाआधी की नंतर असं काही लिहिलेलं नाही. मी काउंटरवर हात टेकून कितीही जीव तोडून सांगितलं, तरी माणूस रिकाम्या हातानं बाहेर पडतो, आणि औषधाच्या दुकानातून रिकाम्या हातानं बाहेर पडलेला माणूस स्वतःला बरा समजतो.

काही वर्षं गेली. मामा चालले नाहीत. मे-जूनला गणवेशांची गर्दी, मग गणपती, मग दसरा, मग लग्नसराई. सहा महिन्यांनी या म्हणालेल्या डॉक्टरांकडे ते पुन्हा गेलेच नाहीत. मग माझ्या लक्षात आलं, की सुभद्रामामींच्या गोळ्या महिना संपायच्या आधीच संपायला लागल्यात. पहिल्यांदा म्हणाल्या, पट्टी हरवली. नंतर म्हणाल्या, गावी विसरले. त्यांना गाव नव्हतंच. मी त्यांना बाकावर बसवलं.

"मामी, खरं सांगा. जास्त खाताय का गोळ्या?"

"मी कशाला जास्त खाऊ?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "ह्यांना देते. रात्री सारखे उठतात, पाणी पितात. कुठं लग्नाचं जेवण असलं की आधी एक घेतात, म्हणजे होळिगे, पुरणपोळी खाता येते म्हणून."

"आणि तुमची?"

"असली की घेते. माझं काय, मला सवय आहे."

म्हणजे एका चिठ्ठीवर दोन माणसं जगत होती आणि दोघांनाही पुरेसं औषध मिळत नव्हतं. मी मामांना गाठलं. ते मशीनवर होते, मी चप्पल बाहेर काढून आत गेले.

"मामा, तुम्हाला शुगर झालेली आहे. अंदाजानं कुणाची तरी गोळी खाणं म्हणजे कुणाचा तरी चष्मा लावून सुईत दोरा ओवणं. डॉक्टरांकडे चला, मी येते बरोबर."

त्यांनी मोटर बंद केली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी दाराकडे बघून घेतलं. "रोहिणीचं बघतोय. आमच्यात घरं किती आहेत? सगळी एकमेकांना ओळखतात. आईला शुगर आहे हे गावाला माहीत आहे. बापालाही म्हटल्यावर काय म्हणतील? दोन्हीकडनं आलेलं. हिला होणार, हिच्या पोरांना होणार. दोन स्थळं तशीच गेली, तोंडानं पत्रिका जुळत नाही म्हणाले. माझ्या नावाची चिठ्ठी करू नको. तिचं लग्न होऊ दे, मग तुझ्या कपाटातल्या सगळ्या गोळ्या खातो."

"लांबच्या डॉक्टरांकडे जाऊ. कोरमंगलाला. तिथं तुम्हाला कोण ओळखतं?"

"बघूया." मोटर पुन्हा सुरू झाली. मी दोनदा अपॉइंटमेंट घेतली. दोन्ही वेळा शाळेची ऑर्डर आडवी आली.

मी काय करू शकत होते? चिठ्ठीशिवाय गोळी देणं मला जमणार नव्हतं. मामींना पुरेशी गोळी मिळावी म्हणून त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पुन्हा पाठवलं, ताकीद दिली की तुमची तुम्हीच घ्यायची. त्या हो म्हणाल्या. बायको नवऱ्यासमोर डबी कशी धरते ते मला दिसत नव्हतं, पण कळत होतं.

आणि मग एका सकाळी शकुंतलाबाई दुकानात आल्या. मी त्यांना ओळखत नव्हते. नीट नेसलेली कांजीवरम, हातात छत्री. घशाच्या गोळ्या मागितल्या. मला लगेच समजलं.

"हे शेजारचे शिंपी. चांगलं घर आहे ना?"

"चांगलं आहे."

"आमच्या मुलासाठी त्यांची मुलगी बघतोय. मुलगी छान आहे. आईला शुगर आहे ते त्यांनी आपणहून सांगितलं. वडिलांचं काय हो? तुमच्याकडनंच औषध जात असेल."

आमच्या धंद्यात हे एक पथ्य मी कधी मोडलेलं नाही. "अक्का, मी औषध देते, माहिती देत नाही."

"म्हणजे आहे."

नाही म्हटलं तर खोटं होतं, हो म्हटलं तर रोहिणीचं ठरत आलेलं मोडत होतं, आणि गप्प बसलं तरी तेच उत्तर होत होतं. मी म्हटलं, "म्हणजे काहीच नाही. उद्या तुमच्या घराबद्दल कुणी विचारायला आलं, तर त्यालाही मी हेच सांगेन. तेव्हा त्यानं तुमच्याबद्दल काय समजावं असं तुम्हाला वाटतं?"

त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग एकदम मऊ झाल्या. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या आणि घशाच्या गोळ्या काउंटरवर विसरून गेल्या. त्या इतक्या लवकर का समजल्या, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

लग्न ठरलं. मामा पेढे घेऊन आले. "काय सांगितलीस गं त्यांना?"

"काही नाही."

"तेच मोठं केलीस."

मला त्यांचा आनंद बघून बरं वाटलं, आणि वाटलंही नाही. न सांगणं किती कामाला येतं, याचा त्यांना जणू पुरावाच मिळाला होता. लग्नाच्या पंक्तीत मी त्यांच्या समोरच्या ओळीत होते. पानावर होळिगे पडली, तूप पडलं, आणि सुभद्रामामींनी मागून येऊन त्यांच्या हातात काहीतरी ठेवलं. त्यांनी ते तोंडात टाकून वर पाणी प्यायलं आणि माझी नजर लागताच डोळा मिचकावला. माझ्या पानावरची होळिगे तशीच राहिली.

लग्नानंतर मी वाट बघत राहिले. एक दिवस विचारलं, "मामा, आता तरी?"

"आता कसं? नव्या घरात गेलीय. सासूला कळलं तर हिला टोचून बोलतील, लपवून दिली म्हणून. जरा मुळं धरू दे."

आता लपवल्याचंच लपवायचं होतं.

त्या वर्षी गणवेशांचा हंगाम चालू असताना मामा दुपारी दुकानात आले. कापूस आणि जखमेचं मलम दे म्हणाले. कुणाला लागलं, विचारलं, तर म्हणाले, "मलाच. काही नाही. फरशीवर डाग पडतात म्हणून सुभद्रा ओरडली." मी त्यांना बाकावर बसवून पाय वर घ्यायला लावला. तळव्यावर, पुढच्या बाजूला, एक काळं छिद्र होतं. भोवती मांस सुजून पांढरट झालेलं, वास येत होता. छिद्रात काहीतरी चमकलं. मशीनच्या सुईचं तुटलेलं टोक होतं. अनवाणी फिरताना कधीतरी घुसलं होतं आणि ते त्यावर उभे राहून, चालून, कपडे शिवत होते.

"मामा, हे दुखत नाही?"

"दुखलं असतं तर आधी आलो नसतो का?"

शेट्टी अण्णा काउंटरवरून उठून आले, पायाकडे बघितलं आणि रिक्षा बोलवायला बाहेर गेले. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. हे वाक्य मी कितीजणांना सांगितलं असेल. ते खरं असतं तेव्हा असं दिसतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. सुई टोचली तरी ज्याला कळत नाही, तो शिंपी माझ्या दुकानाच्या शेजारी बसत होता.

हॉस्पिटलात पहिल्या दिवशी अंगठा आणि दोन बोटं काढली. मग कळलं की तेवढ्यानं भागणार नाही, पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. मी भेटायला गेले तेव्हा बाहेरच्या बाकावर सुभद्रामामी, रोहिणी आणि शकुंतलाबाई बसल्या होत्या. तरुण डॉक्टर आले, हातात रिपोर्ट. "ह्यांना शुगर किती वर्षांपासून आहे?"

मामींनी आधी विहिणीकडे पाहिलं. "शुगर नाही हो त्यांना. घरात शुगर मला एकटीला. त्यांचं स्वल्प बॉर्डरवर असतं."

डॉक्टरांनी हातातल्या रिपोर्टकडे पाहिलं, मग मामींकडे, आणि तो मिटून आत गेले. रोहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. पाय कापायला नेत होते, तरी चिठ्ठीवर आजाराचं नाव येऊ द्यायचं नव्हतं.

मामा आता घरी असतात. दुकान दुसऱ्या कुणीतरी भाड्यानं घेतलंय, तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. माझा कोपरा मीच बंद केला. वजनकाटा आहे, यंत्र ड्रॉवरमध्ये आहे, मागितलं तर काढते.

हे लिहून थांबणार होते. पण त्याच दिवशी हॉस्पिटलात आणखी एक झालं, ते लिहिल्याशिवाय हे पुरं होत नाही. मी निघाले तेव्हा शकुंतलाबाई माझ्यामागून आल्या. जिन्याजवळ पाण्याची टाकी होती, तिथे त्यांनी मला थांबवलं.

"तुम्ही कुणाला काही सांगत नाही, ते मला माहीत आहे."

"काय झालं, अक्का?"

"आमच्या मुलाचं, सुनीलचं. व्हाइटफील्डला ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली, लग्नाच्या आधीच. तेव्हाच बॉर्डरवर आहे म्हणाले होते. परवा परत झाली, अजून तसाच आहे. रोहिणीला माहीत नाही. आमच्या ह्यांनाही नाही." त्यांनी वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं. "हे सगळं बघून माझा जीव घाबरला. एखादं लांबचं दुकान सांगा. आमच्या भागातलं नको, तुमच्याही भागातलं नको. गोळी चालू करून टाकते त्याची."

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. मी त्यांचा हात धरला. "अक्का, त्याला गोळी नको. तो वेळेवर सापडलाय. डॉक्टरांना दाखवा, आणि आजपासून त्याला रोज सकाळी तासभर चालायला पाठवा. रात्रीचा भात कमी करा, पोट उतरू दे. तो परत मागे येईल. खरंच येतो माणूस, मी पाहिलंय."

"चालायला?"

"हो. तुमच्या घराजवळ पार्क आहे ना."

त्यांनी माझा हात हळूच सोडवला. "लग्नाला वर्ष नाही झालं. आणि एकाएकी पोरगा सकाळी उठून म्हाताऱ्यांबरोबर पार्कात फिरायला लागला, तर लोक विचारणार नाहीत का, ह्याला काय झालं म्हणून?" मग पदर सारखा करत म्हणाल्या, "त्यापेक्षा गोळी बरी. ती खिशात राहते."